सातव्या आकड्यावरची हाक

महिपतीच्या त्या लढतीची एकही धड खूण आता वेणूच्या घरात उरली नव्हती. मांजर्लीत नदीचं पाणी शिरलं त्या वर्षी कपाटाच्या खालच्या कप्प्यातले फोटो, कात्रणं, सर्टिफिकेट, सगळ्याचा लगदा झाला. कप तेवढा वाहत शेजारच्यांच्या गच्चीच्या जिन्याशी सापडला, तोही बिनकानाचा. लढत उरली होती ती लोकांच्या तोंडात, आणि तिथे ती चांगली बाळसं धरून होती. समोरचा, लष्करातून कारखान्यात लागलेला फौजी मुळात महिपतीपेक्षा चार बोटं उंच होता. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर तो आता साडेसहा फुटांचा झाला होता.

घडलं होतं ते एवढंच. एकोणनव्वद सालची कारखान्यांची बॉक्सिंग स्पर्धा, उल्हासनगरच्या एका हॉलात फायनल. महिपती अंबरनाथच्या केमिकल कंपनीतला साधा फिटर. दुसऱ्या राउंडला तो पडला. डावा डोळा मिटलेला, डाव्या कानातून रक्त. रेफ्रीनं सातापर्यंत मोजलं आणि आठाला हा उठला. मग तिसरा राउंड एका डोळ्यानं असा लढला, की शेवटी त्या फौजीनंच येऊन त्याचा हात वर धरला. कोणी विचारलं तर महिपती म्हणायचा, "अंगात आलं रे. दुसरं काय?"

आता तो कोणाला काही म्हणत नव्हता. हात थरथरायचे, पाय फरपटायचे. उजव्या कानाशी बोललं तरच ऐकू यायचं, आणि ऐकलेलं दारापर्यंतही टिकायचं नाही. चार महिन्यांपासून तो बायकोला, वेणूला, रोज सकाळी विचारायचा, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"इथलीच," वेणू म्हणायची आणि त्याच्यापुढे चहात बुडवलेला टोस्ट धरायची. छत्तीस वर्षं एका ताटात जेवून बाई इथलीच ठरली, हेही काही कमी नाही, असं ती स्वतःशी म्हणायची. तेवढं म्हटलं की दुपारपर्यंत निभायचं.

शिरगावात बॉक्सिंगचा नवा हॉल काढणारा संतोष एके दिवशी पेढे घेऊन आला.

"काकू, मी लिस्ट काढलीय. आपल्या पट्ट्यातल्या टॉप दहा फाइट. उद्घाटनाला हा मोठा फ्लेक्स लावतोय. एक नंबरला काका."

"आणि दहाव्या नंबरला?"

संतोष लाजला. "माझी आहे एक. कल्याणची."

"तरीच दहा काढल्यास. नऊवर थांबला असतास तर पेढे कोणी वाटले असते?"

"काय काकू! काकांना फक्त बसवायचं. शाल, श्रीफळ, मी माइकवर फाइट सांगणार, पाच मिनटांत खल्लास. जगात कुठेही जा, सातावर पडलेला माणूस उठून असा लढलेला दाखवा मला."

अंबरनाथला दिलेली लेक भाविका नेमकी घरी आलेली होती. संतोष जाताच तिनं तोंड उघडलं. "आई, डॉक्टर काय बोलले ते डोक्यातून गेलं का? ठोसे खाऊन हे असं झालंय, आता एक धक्कासुद्धा नको. परत पडले तर संपलं."

"खुर्चीवर तर बसायचंय."

"मग घरी काय खुर्ची नाही?"

वेणूनं पेढ्यांचा खोका उचलून आत ठेवला. तिच्या मनात काय होतं ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. लढत ऐकून त्याच्या डोक्यातला एखादा दिवा लागला, आणि त्या उजेडात त्यानं एकदा, फक्त एकदा, आपल्याला ओळखलं तर? एवढ्याच लोभापायी तिनं हो म्हटलं होतं.

आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं, ते तर तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

उल्हासनगरच्या त्या फायनलला वेणू हॉलात होती. लग्नाला सात महिने झालेले, वय वीस. शेजारी नणंद बनूबाई. महिपती पडला तेव्हा कोपऱ्यातल्या आण्णांनी, त्याच्या वस्तादांनी, खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. टॉवेल रिंगमध्ये पडला की लढत बंद, एवढं तिला कळत होतं. आण्णांचा हात मागे गेला, रेफ्री सात म्हणाला, आणि वेणू किंचाळली, "महिपती, ऊठ!"

ज्या घरात बायका नवऱ्याचं नाव घ्यायचं तर लाजून, उखाण्यात गुंडाळून घेतात, त्या घरची सून भर हॉलात नवऱ्याला नावानं, वर एकेरीत हाक मारते! आण्णांनी चमकून मागे पाहिलं. तेवढ्यात महिपती उठला आणि टॉवेल परत खांद्यावर गेला. बनूबाईनं घरी जाऊन सगळं सांगितलं आणि सासू महिनाभर वेणूच्या हातचं पाणी प्यायली नाही. महिपतीनं मात्र त्यावर कधी अक्षर काढलं नाही. त्यानं ऐकलं असेल का, हे तिनंही कधी विचारलं नाही. आधी लाजेनं, आणि पुढे त्याचे हात थरथरू लागले तेव्हापासून भीतीनं. तिसऱ्या राउंडचा तो सगळा मार तिच्या हाकेनंतरचा होता. सगळं गाव ज्या लढतीला एक नंबर देत होतं, ती तिनं आण्णांच्या टॉवेलाखालून ओढून काढलेली होती.

उद्घाटन रविवारी सकाळी झालं. नव्या मॅटचा रबरी वास, त्यावर उदबत्तीचा. महिपतीला रिंगच्या मधोमध खुर्चीवर बसवलं, अंगावर शाल. वेणू आणि भाविका खाली पहिल्या रांगेत. एक पोरगी पांढराशुभ्र टॉवेल खांद्यावर टाकून दोराशी उभी होती.

संतोषनं माइक घेतला आणि कोणी तरी हौसेनं घंटा वाजवली.

महिपती उठला. शाल खुर्चीवरच राहिली.

घरी मोरीपर्यंत फरपटणारे ते पाय मॅटवर हलकेच सरकले. मुठी हनुवटीशी आल्या, आणि वेणूनं पाहिलं, त्या थरथरत नव्हत्या. डावा हात सुटला, परत आला. मान एवढीशी झुकली आणि कोणाचा तरी ठोसा तिच्यावरून निघून गेला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. अर्धं मिनिट, जेमतेम अर्धं मिनिट, वेणूचा सव्वीस वर्षांचा नवरा तिच्यासमोर होता. भाविका उठत होती, तिला वेणूनंच दंडाला धरून खाली बसवलं. तिनं लढत थांबू दिली नाही, अशी ही दुसरी वेळ.

"आणि मग दुसऱ्या राउंडला," संतोष रंगात आला होता, "डाव्या कानावर असा बसला, आणि काका पडले!"

कोणीही मारलं नव्हतं, तरी महिपतीचं डोकं उजवीकडे झटकलं. गुडघा टेकला, मग तो सबंध कुशीवर आडवा झाला. लोकांना वाटलं, काय अॅक्टिंग करतोय म्हातारा! संतोषलाही तेच वाटलं. "वन!" तो ओरडला, आणि सगळा हॉल त्याच्यामागे मोजायला लागला. "टू! थ्री!"

वेणू पदर खोचून दोरांमधून आत शिरली.

महिपती डावा कान खाली घालून पडला होता. उजवा कान वर. डोळे उघडे होते आणि तो तिच्याकडे नाही, तिच्यामागे, हॉलातल्या खुर्च्यांकडे बघत होता.

"अहो," ती त्याच्या कानाशी वाकली. "लागलं का?"

"गप बसा बाई," तो हळूच म्हणाला. "ऐकू येणार नाही मला."

"काय ऐकायचंय?"

"फाइव्ह!" हॉल ओरडला.

"बायकोची हाक. सातावर मारते ती, माझ्या नावानं. मग उठायचं." त्यानं ओठांवर जीभ फिरवली. "घरी बोलू नका हां कोणी. आई ओरडते तिला."

"सिक्स!"

छत्तीस वर्षांचं उत्तर वेणूच्या पुढ्यात पडलं होतं. आता नुसतं नाव घ्यायचं. घेतलं, की तो ओळखणार होता. आणि घेतलं, की उठणारही होता, परत लढायला.

"सेव्हन!"

तो कान देऊन थांबला. वेणूनं पदराचा बोळा दातांखाली धरला.

एट झालं, नाइन झालं. टेन कोणी जोरात म्हणालंच नाही. संतोषचा माइक नुसता घुमत राहिला. भाविका फोन कानाला लावून दाराकडे धावत होती.

"नाही मारली," महिपती म्हणाला.

"नाही."

"मग हरलो का मी?"

"हो."

"तिला वाईट वाटेल."

"नाही वाटणार," वेणू म्हणाली. दोराशी उभ्या असलेल्या पोरीच्या खांद्यावरून तिनं तो कोरा टॉवेल ओढून घेतला, त्याची घडी केली आणि त्याच्या डोक्याखाली सरकवली. "पडून राहा. तिनंच पाठवलंय मला."

त्यानं तिच्या तोंडाकडे नीट, बराच वेळ पाहिलं.

"बाई, तुम्ही कुठल्या?" त्यानं विचारलं आणि डोळे मिटले.