शिवणाची टेप

नम्रताच्या बाळासाठी घरात काही म्हणता काही आणलेलं नव्हतं. झबलं नाही, टोपडं नाही, साधं दुपटं नाही. बाळ हातात आल्याशिवाय त्याच्या नावाने सुतळीचा तोडाही घ्यायचा नाही, असं तिच्या आईने, सुशीलाबाईंनी, सातव्या महिन्यातच बजावलं होतं. सुशीलाबाईंचा शब्द मोडायची कात्रजच्या अख्ख्या सोसायटीत कुणाची छाती नव्हती. लेकीच्या बाळंतपणासाठी मांजरी गावातल्या तिच्या फ्लॅटवर आल्या त्या दरारा पिशवीत भरूनच आल्या. नम्रता मगरपट्ट्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायची; पण आईपुढे तीही गप्प बसली. नवरा दत्तप्रसाद तर बोलून चालून जावई, तो काय बोलणार?

नववा लागल्यावर मात्र एक खरेदी झाली, आणि तीही सुशीलाबाईंच्याच संमतीने. नम्रताला पाजताना घालायच्या ब्रा हव्या होत्या.

आता खरं सांगायचं तर नम्रताने तोवर जन्मात कधी माप दिलं नव्हतं. कोण देतं हो? तुळशीबागेतल्या दुकानात गल्ल्यावरचे काका चष्म्यावरून एकदा बघतात आणि आतल्या माणसाला सांगतात, चौतीस काढ. बाई बिचारी मान खाली घालून पुडकं पर्समध्ये कोंबते आणि वर्षभर खांद्यावरचे पट्टे वर ओढत बसते. बदलून मिळणार नाही, तशी पाटीच लावलेली असते. काकांचा अंदाज चुकला असं म्हणायची सोय नाही. चुकलं असेल तर आपलं अंगच चुकलं असेल.

पण कॅम्पात नव्याने निघालेल्या एका दुकानात टेप घेऊन एक मुलगी उभी होती. पडद्याआड नेऊन तिने नम्रताचं माप घेतलं. एकदा छातीखालून, घट्ट. एकदा भरल्या भागावरून, सैल. “श्वास सोडा मॅडम, हात खाली,” ती म्हणाली, आणि मग समजावूनही सांगितलं. खालचं माप म्हणजे पट्टा, ते फारसं बदलत नाही. वरचं बदलतं. वरच्यातून खालचं वजा केलं की उरतो तो कप. दूध उतरलं की हा फरक वाढेल, तेव्हा आत्ताच एक माप मोठं घ्या.

“एवढ्याला शिकावं लागतं होय?” पडद्याबाहेरून सुशीलाबाई म्हणाल्या. “टेप माझ्या शिवणाच्या डब्यातही आहे.”

बोलल्या खऱ्या, पण पांढऱ्या सुती, पुढून हुकाने उघडणाऱ्या त्या दोन ब्रा काउंटरवर आल्या तेव्हा त्या अडखळल्या. बाळाचं की आईचं, याचा निवाडा व्हायचा होता. दुकानात उभ्याउभ्याच त्यांनी तो केला. “हे तुझ्या अंगाचं आहे. बाळाचं नव्हे. घे.”

आणि मग जे व्हायला नको ते झालं. भरल्या दिवसांत एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ठोके नव्हते. पोट उघडावं लागलं, त्यासाठी नम्रताला भूल दिली. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मुलगी होती, एवढं तिला सांगितलं. दाखवली नाही. बघितलंस तर विसरणं जड जाईल, असं सुशीलाबाईंनी ठरवलं होतं. दत्तप्रसाद आणि नम्रताचे मामा बाळाला घेऊन नदीकडे जाऊन आले. आल्यावर दत्तप्रसादने आंघोळ केली, चहा घेतला, आणि त्या विषयावर तोंड उघडलं नाही. नम्रतानेही विचारलं नाही. विचारायला गेलं तर सुशीलाबाई मध्ये पडून म्हणायच्या, त्याला का छळतेस?

दूध मात्र ठरल्या वेळी उतरलं. त्याला कोण सांगणार?

डॉक्टरांनी दूध आटायच्या गोळ्या दिल्या. सुशीलाबाईंनी त्यासाठीच मोगऱ्याची फुलं आणली, छातीवर पसरली आणि जुन्या साडीच्या पट्टीने गच्च आवळून बांधली. घरभर मोगऱ्याचा वास सुटला. नम्रता निमूट बांधून घ्यायची आणि आंघोळीला गेली की सोडून टाकायची. गोळ्या ती बेसिनमध्ये टाकत होती. छाती दगड होऊन ठणकायची, अंगात कणकण यायची, तरी टाकत होती. बाळाचं म्हणून जगात एवढंच तर उरलं होतं. ते आटवायला निघालेल्या सगळ्यांचा तिला मनस्वी राग यायचा, आईचा तर सगळ्यात जास्त.

एक दिवस तिने आईच्या शिवणाच्या डब्यातून टेप उचलली. बाथरूमची कडी लावली आणि दुकानातल्या मुलीने घेतलं तसं माप घेतलं. खालून घट्ट, वरून सैल. फरक चांगला सहा इंच आला. तिला बरं वाटलं. तिच्या लेखी तो फरक म्हणजे तिची मुलगी होती. वेडेपणा होता, आणि आपण वेडेपणा करतो आहोत हे तिला कळतही होतं. पण रोज सकाळी कडी लावून ती टेप घ्यायची, आणि आकडा हलला नसला की दिवस कसाबसा ढकलता यायचा.

कोरडी नेलेली टेप ओली परत येते हे सुशीलाबाईंच्या नजरेतून थोडंच सुटणार? पण त्यांचा अर्थ त्यांनी लावला. पोरगी आता कामावर जायचं मनावर घेते आहे, कपडे होतात की नाही बघते आहे. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि टेप मुद्दाम डब्यात सगळ्यात वर ठेवायला लागल्या.

पण पाजल्यावाचून दूध किती टिकणार? फरक पाचावर आला, मग चारावर. नम्रताने टेप सैल धरून पाहिली, श्वास ओढून पाहिला. शेवटी तुळशीबागेतल्या काकांनी नजरेने सांगितलं होतं नेमकं त्याच मापावर तिचं अंग येऊन थांबलं. जणू काही झालंच नव्हतं. त्या दिवशी ऑफिसचा जुना कुडता सहज अंगात गेला.

“चला,” सुशीलाबाई म्हणाल्या, “बाई माझी होती तशी झाली.”

त्यांनी ते अगदी प्रेमाने म्हटलं होतं. नम्रता आत गेली आणि कपाट उघडून बसली. साड्यांखाली हात घातला. कॅम्पातून आणलेलं पुडकं तिथे नव्हतं.

“आई, माझ्या त्या ब्रा कुठायत?”

“त्या होय? शकूला दिल्या काल. तिची भाची बाळंतीण आहे इथेच. कोऱ्या करकरीत, तुला आता काय उपयोग? आणि असलं घरात ठेवू नये.” शकू म्हणजे घरची धुण्याभांड्याची बाई.

नम्रता रडली नाही. आवाजही चढवला नाही. “तेवढंच होतं गं तिचं,” ती म्हणाली.

“तिचं कुठलं? तुझ्या अंगाचं होतं ते.”

“तू दुसरं काही घेऊच दिलं नाहीस. एखादं टोपडं असतं तर ते धरून बसले असते. काहीच नव्हतं, म्हणून ते धरून बसले होते. तेही दिलंस.”

सुशीलाबाईंनी ओट्यावरचा गॅस बंद केला, पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, “जाऊन मागून आणू का? मागते मी. लाज नाही वाटायची मला.”

“नको,” नम्रता म्हणाली. “ती पाजत असेल.”

संध्याकाळी दत्तप्रसाद कंपनीच्या बसने आला. बूट काढून आत आला. त्याने एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. नम्रता सोफ्यावर बसली होती आणि तिच्या हातात टेप होती.

“दत्ता,” ती म्हणाली, “केवढी होती रे?”

“आता कशाला नमू...”

“मला माझं माप माहीत झालं. रोज घेत होते. तिचं मला माहीतच नाही. तू घेतली होतीस ना हातात?”

दत्तप्रसादने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सुशीलाबाई तिथे उभ्या होत्या. त्या मध्ये पडल्या नाहीत. “सांगा तिला,” त्या म्हणाल्या. “चुकलंच माझं.”

तो तिच्यासमोर खाली, फरशीवर बसला. बॅग अजून खांद्यालाच होती. “माझ्या टॉवेलमध्ये होती,” तो म्हणाला. “गाडीत मांडीवर घेतलं होतं तिला मी. मामा म्हणत होते मागच्या सीटवर ठेव, मी नाही ठेवलं. केस होते डोक्यावर पुष्कळ. ओलेच होते.” इतके दिवस हे सगळं त्याने एकट्याने पोटात ठेवलं होतं.

“दाखव ना.”

त्याने दोन्ही हात पुढे केले. तळवे एकमेकांसमोर धरून अंतर घेतलं, जरा कमी केलं, पुन्हा होतं तेवढं केलं. मांडीवरचं ते ओझं त्याला अजून आठवत होतं.

नम्रताने टेप उलगडली. एक टोक त्याच्या तळव्याला धरून दुसऱ्या तळव्यापर्यंत टेप नेणं तिला एकटीला जमेना. सुशीलाबाई पुढे आल्या, गुडघे धरत खाली बसल्या आणि ते टोक त्यांनी जावयाच्या डाव्या तळव्याला टेकवून धरलं. बाळाच्या नावाने त्या घरात धरलेली ती पहिली वस्तू होती. नम्रताने टेप उजव्या तळव्यापर्यंत नेली आणि आकडा वाचायला वाकली.

“थांब,” दत्तप्रसाद म्हणाला. त्याने उजवा हात थोडा लांब सरकवला. “पाय दुमडलेले होते तिचे.”

नम्रताने टेप आणखी सोडली.