वाघिणीच्या दुधाचा पेढा

मढजवळ डोंगराच्या पायथ्याला एक पत्र्याची शेड होती आणि शेडपुढे माणसांची रांग. ओतूरहून जीप भरून आलेली मंडळी, ओझरच्या गणपतीचं दर्शन उरकून इकडे वळलेले पाहुणे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. एक गडी तर कोंबडा काखोटीला मारून उभा होता. सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, वाघिणीच्या दुधाचा पेढा. इकडे बिबट्याच्या मादीलाच वाघीण म्हणतात.

शेडच्या तोंडाशी व्याघ्रानंद महाराज बसलेले. अंगावर ठिपक्याठिपक्यांचं उपरणं.

"देखो माय," महाराज म्हणाले, "आपल्या भागात माणूस बिबट्याला भितो. का भितो? नातं नाही म्हणून. आमच्याकडे वाघीण स्वतः चालत येते आणि दूध देते. त्या दुधाचा पेढा खाल्ला, की तुम्ही तिच्या पिल्लांचे दूधभाऊ. भाऊ भावाला खाईल काय?"

"बांधावरनं खातो की," रांगेतून कुणीतरी म्हणालं. शेजारच्यांनी त्याला गप्प बसवलं.

ऊन उतरलं की धार काढण्याचा सोहळा व्हायचा. शेडच्या आतल्या बाजूला जाळीदार काळा पडदा होता. पडद्यामागून गुरगुर ऐकू यायची, अंधुक उजेडात ठिपक्यांची पाठ हलताना दिसायची आणि चरवीत दुधाच्या धारा वाजायच्या. लोक हात जोडायचे. एवढीशी बिबट्याची मादी रोज चरवीभर दूध कुठून देते, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. पडला तरी पेढा तोंडात असल्यामुळे विचारता येत नव्हता.

याच रांगेत चिमाबाई होती. जवळच्याच वाडीवर राहणारी, चार शेळ्या आणि थोडी भातखाचरं असलेली. मुलगा चाकणला कंपनीत, घरात सून नूतन आणि नात आरती. मागल्या वर्षी बिबट्याने तिच्या डोळ्यांदेखत अंगणातला कुत्रा उचलून नेला होता. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. वारा हलला तरी उठून बसायची. पेढा खाल्ला त्या दिवशी ती पहिल्यांदा गाढ झोपली. तिच्या दृष्टीने चमत्कार तेवढ्यानेच सिद्ध झाला.

मग तिने पेढा आरतीला दिला, सुनेला दिला आणि राहिलेला कुस्करून शेळ्यांनाही चारला.

"गोठ्याची कडी लावली न्हाई, आत्याबाई," नूतन म्हणाली.

"कशापायी लावायची? घरचाच झाला आता त्यो."

"आन् आरतीला पडवीत का झोपवलं?"

"आत लई उकडतंय पोरीला. दूधभावाला भ्यायचं असतंय व्हय?"

नूतनने झोपलेल्या पोरीला उचलून आत नेलं आणि दाराला आडणा घातला. सासूने तोंड फिरवलं, पण गोठ्याला कडी काही लावू दिली नाही.

सकाळी गोठ्यात तीन शेळ्या होत्या. चौथी मागच्या करवंदीच्या जाळीत अर्धी खाल्लेली सापडली. पडवीपासून ती जागा हाकेच्या अंतरावर नव्हती, त्याहून जवळ होती. नूतनने आरतीला पोटाशी धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

चिमाबाई रडत महाराजांकडे गेली. महाराजांनी डोळे मिटून विचार केला आणि खुलासा दिला.

"माय, शेळी रवंथ करते. पेढा खाली गेला, पुन्हा वर आला. त्यामुळे शक्ती उलटी फिरली. माणूस रवंथ करत नाही. तू निर्धास्त राहा."

चिमाबाईला हे पटलं. दुःखात माणसाला काहीही पटतं.

पंचनाम्याला वनरक्षक रामनाथ आणि ओतूरचे जनावरांचे डॉक्टर रवींद्र आले. डॉक्टरांनी शेळीच्या मानेवरचे दातांचे व्रण बघितले, जखमेवरून कापसाचा बोळा फिरवला आणि नळीत बंद केला.

"हे कशाला?" नूतनने विचारलं.

"जखमेत लाळ असते. लाळेवरून कळतं, बिबट्याने मारलं की कुत्र्याने."

नूतन आत गेली आणि आपल्या वाट्याचा, न खाता डब्यात लपवून ठेवलेला पेढा घेऊन आली. "मंग ह्यात वाघीण हाय का, ते बी बघा. माजं कुणी ऐकत न्हाई. आज शेळी गेली डॉक्टर, उद्या पोरगी जाईल."

डॉक्टरांना हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं. वाघिणीची धार कुणी काढत नाही, हे कळायला खरं तर मशीन लागत नाही, अक्कल पुरते. पण अक्कल त्या दिवसांत पेढ्याच्या रांगेत उभी होती. त्यांची बहीण प्रतीक्षा पुण्याला प्रयोगशाळेत होती. मटणात कशाचं मांस मिसळलंय, पनीर गायीचं की म्हशीचं, हे डीएनएवरून ओळखणं तिचं रोजचंच काम. लाळ आणि पेढा, दोन्ही तिच्याकडे गेले.

निकाल घेऊन प्रतीक्षा स्वतःच मढला आली आणि डॉक्टर भावाला, वनरक्षक रामनाथला आणि नूतनला घेऊन भर रांगेपुढे उभी राहिली.

"दुधात जनावराच्या अंगातल्या पेशी उतरतात," ती म्हणाली. "दूध आटवलं, साखर घातली, तरी त्यांच्या डीएनएचे तुकडे उरतात. प्रत्येक जातीचे तुकडे वेगळे असतात. या पेढ्यात ते म्हशीचे निघाले. नुसत्या म्हशीचे."

रांगेत कुजबुज झाली. महाराज मंद हसले. "बेटी, आमची वाघीण म्हशीचं दूध पिते. तेच उतरलं."

"तुम्ही आंबे खाता म्हणून तुमच्या रक्तात कलम लागत नाही, महाराज."

कोंबडेवाला पुढे आला. "मशीन शहरातलं हाय ताई. त्याला बिबट्या वळखू येत नसंल."

"येतो ना. याच वाडीवरच्या शेळीच्या मानेवरची लाळ त्याच मशीनला दिली होती. तिथे त्याने बिबट्या ओळखला. तोच बिबट्या पेढ्यात मात्र कुठेच नाही."

आता रामनाथ पुढे सरकला. "महाराज, माझं सोपं हाय. आत वाघीण असंल, तर बिबट्या बांधून ठिवल्याबद्दल तुमाला मी नेणार. वन्यजीव कायदा लई कडक हाय. म्हैस असंल, तर फसवणुकीसाठी पोलीस नेतील. काय हाय तेवढं सांगा."

महाराजांनी रांगेकडे पाहिलं, रामनाथच्या खाकीकडे पाहिलं. बराच हिशेब मनात झाला.

"म्हैस हाय साहेब," ते म्हणाले. मधलं ते 'देखो', 'बेटी' कुठल्या कुठे गेलं. "एकदम गरीब म्हैस हाय."

चिमाबाई तोवर रांगेतच होती. ती सरळ आत गेली आणि पडदा ओढून खाली पाडला.

आत म्हैस उभी होती. पाठीवर बाजारात मिळते तसली बिबट्याच्या कातड्याच्या छापाची चादर, पोटाखालून सुतळीने बांधलेली. खुंट्याला एक छोटा स्पीकर लटकत होता आणि त्यातून गुरगुर चालू होती. म्हशीला त्याची इतकी सवय झाली होती, की ती शांतपणे रवंथ करत होती.

कुणी हसलं, कुणी जोडलेले हात हळूच खिशात घातले. चिमाबाईला मात्र हसू आलं नाही. ती म्हशीपुढेच खाली बसली.

"पोरीला मी पडवीत झोपवली व्हती," ती नूतनला म्हणाली. "माज्या हातानं."

नूतन तिच्याशेजारी बसली. "तुमाला झोप पायजे व्हती, आत्याबाई. त्यानं तुमचं भ्या बघितलं आन् त्याचाच पेढा वळला."

पोलिसांनी महाराजांना नेलं. रांग मात्र लगेच मोडली नाही. म्हशीचं दूध चांगलं होतं, म्हणून काहीजण पेढा तरी मिळेल का, असं विचारत थांबले होते.

चिमाबाई आता ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगते, आणि आम्हीही तेच सांगतो. बिबट्याला नातं कळत नाही, भूक कळते. गोठा पक्का करा, कडी लावा, अंगणात दिवा ठेवा, लेकरांना एकटं सोडू नका. भीती वाटली तर वाटू द्या, ती राखण करते. पण कुणी त्या भीतीवर अंधारात औषध देऊ लागला, तर घ्यायच्या आधी त्याला उजेडात बोलवा, आणि हे कशाचं आहे ते विचारा.