भिंतीतलं दार

गंगापूर रोडवरचा सुनीलचा फ्लॅट हे वेदिकाचं आजवरचं सगळ्यात मनासारखं काम. तीन वर्षांपूर्वी तिने नाशकात स्वतःचं इंटिरियरचं ऑफिस थाटलं, पण इतकी मोकळीक कोणी दिली नव्हती. सुनीलचा पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगचा धंदा. 'हॉटेलात शिरल्यासारखं वाटलं पाहिजे,' एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या बायकोला, सरिताला, पसारा डोळ्यांसमोर नको होता. सुनीलचे वडील धोंडीरामकाका सातपूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मला काय, कसंबी चालंल." वेदिकाने वहीत त्यांच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही.

काम चालू असताना अडीच महिने काका निफाडला मुलीकडे राहिले. ते परत आले तेव्हा हॉलची एक भिंत वरपासून खालपर्यंत सागवानी विनिअरने, लाकडाच्या पातळ पापुद्र्याने, मढलेली होती. बाथरूमचं दार त्याच भिंतीत लपवलेलं. ना कडी, ना हँडल. नेमक्या जागी दाबलं की उघडायचं. जेवणाच्या जागेवरून हॉलमध्ये उतरायला एक पायरी, आणि खालीवर एकच फिकट राखाडी फरशी.

आठवड्याने फोटो काढायचे ठरले. सुनील आणि सरिता फुलं आणायला गेले होते, फोटोग्राफर गॅलरीत दिवा जोडत होता. काका खोलीतून बाहेर आले आणि विनिअरच्या भिंतीवर तळहात ठेवून सावकाश सरकू लागले. कारागीर माणूस, फिनिशिंग बघत असतील, असं वेदिकाला वाटलं. तिला बरंही वाटलं. काका भिंतीच्या टोकाशी गेले, परत फिरले. दारावरून त्यांचा हात दोनदा गेला.

"काका, काय बघताय?"

ते आवाजाकडे वळले, पण बोलले ते तिच्या शेजारच्या खुर्चीकडे पाहून. "काय नाय मॅडम. असंच."

तेव्हा तिला त्यांच्या पायजम्यावर पसरत चाललेला ओला डाग दिसला.

तिने धावत जाऊन दार दाबलं, त्यांना आत नेलं, खोलीतून धुतलेला पायजमा आणून दिला. कपडे बदलून ते आतच उभे राहिले.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी कडंकडंचं दिसायचं गेलं, आता मधलं बी धुरकटलंय. हे घर जुनं होतं तवा हाताला सगळं ठाऊक होतं."

"सुनीलदादांना माहीत नाही?"

"सांगू नको, पोरी. सांगितलं की माझं बाहेर जाणं बंद. सकाळी माझा दोस्त गोटीराम गेटवर येतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवून जॉगिंग ट्रॅकवर फिरायला जातो. तेवढंच राह्यलंय. शब्द दे मला."

तिने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी तिने सुनीलला फोन केला. "दाराला एखादं छोटं हँडल लावू या का? आणि पायरीच्या कडेला पितळी पट्टी?"

सुनील हसला. "मॅडम, हँडल नको असं तुम्हीच म्हणाला होता ना! पाहुणे दार शोधत बसतात, मजा येते. काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही, सहज विचारलं."

मग फिनिशिंगचं निमित्त काढून ती घरी गेली आणि दाबायच्या जागी रबराचा एक बारीक पारदर्शक ठिपका चिकटवून आली. दोन दिवसांनी सरिताचा मेसेज आला : दारावर गोंद राहिला होता, खरवडून काढलाय. वेदिका तो मेसेज वाचत राहिली.

बाराव्या दिवशी काका त्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलच्या जिन्याजवळ तिने सुनीलला सगळं सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बारा दिवस."

तो रागावेल या तयारीने ती उभी होती. त्याने हातातलं एक्स-रेचं पाकीट खाली केलं. "मी त्यांच्या शेजारी बसून जेवतो," तो म्हणाला. "दोन वर्षं मला कळलं नाही. तुम्हाला कुठल्या तोंडाने बोलू?"

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घालत राहायचं, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

वेदिकाने पायरी भरून सपाट केली, दाराला ठसठशीत हँडल लावलं, भिंतीलगत धरायला आडवा दांडा बसवला. महिन्याभराने ती भेटायला गेली तेव्हा काका वॉकर धरून खोलीच्या दारात उभे होते.

"कोण?"

"वेदिका, काका."

"सांगितलंस ना."

"हो."

त्यांनी मान हलवली. "गोटीराम येतो अधूनमधून. बसतो जरा. मग त्याला बी कंटाळा येतो."

तेवढ्यात सरिता आली आणि तिने त्यांचा दंड धरला. "बाबा, हळू. एकटे नका निघू म्हटलं ना?"

"नाय निघत," काका म्हणाले.

दोघं पाऊल पाऊल टाकत निघाली. त्यांना वाट मिळावी म्हणून वेदिका भिंतीला पाठ लावून उभी राहिली.