फाट्यावरची उघडी तार

फरशीवर रक्ताचे थेंब पडत होते, आणि योगराज आपल्याच मनगटाकडे परक्यासारखा पाहत होता.

नुकतेच त्याने बायकोचे, सुषमाचे, डोके भिंतीवर आपटले होते. दुसरा तडाखा तिने हातावर झेलला. बांगड्या फुटल्या आणि काच त्याच्याच मनगटात शिरली. तिच्या कपाळावरचे रक्त साकळू लागले, त्याचे थांबेना.

"गोया तं मी कधीच्याच बंद कर्यात," रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आठवून तो पुटपुटला.

उन्हाळ्यात त्याच्या हृदयाची रक्तवाहिनी जिथे दुभंगते, नेमकी तिथे तारेची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली होती. डॉक्टरांनी सुषमाला चित्र काढून समजावले होते: फाट्याच्या बाहेरच्या कडेला प्रवाह संथ असतो, तिथे जाळीवर लवकर अस्तर धरते. मधल्या धारेवर मात्र रक्त येऊन आदळते, आदळतच राहते. तिथे तार दीर्घकाळ उघडी राहते आणि उघड्या तारेवर गुठळी बसते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवायची नाही. सतत मार खाणाऱ्या जागेला खपली का धरत नाही, हे सुषमाला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

पुढे सचिन गावातल्या कापडाच्या कारखान्यात मागावर योगराजचे बोट कापले. गोळीमुळे रक्त लवकर थांबेना, कोरा तागा लाल झाला. शेठ सर्वांदेखत हसला, "अरे भाई, रंगवानुं काम डाइंगवाळानुं छे, तारुं नहीं!" त्या संध्याकाळी गोळ्या गटारात गेल्या. का फेकल्या, एवढे विचारले म्हणून सुषमाचा दात गेला.

तिने नव्या आणल्या. रोज एक, त्याच्या नकळत, लसणाच्या ठेच्यात कुटून.

आता ते त्याच्या ध्यानात आले. त्याने रक्ताळल्या मुठीत तिचे केस धरले, मान मागे ओढली.

"ठेचामा काय टाकंस तू? बोल! माले मारी टाकनं व्हतं का?"

"मारनं असतं," ती दातांच्या फटीतून म्हणाली, "तं काहीच टाकलं नसतं."

मूठ सैल पडली. तो भिंतीला टेकून खाली बसला, छातीवर तळवा दाबून, जणू आतली ती धार बोटांना लागणार होती. शेजारच्या खोलीतला टीव्ही मोठ्याने चालूच होता.

सुषमाने खुंटीवरचा टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. "बांध. घट्ट."

त्याने बांधला. मग लहान, अनोळखी आवाजात म्हणाला, "सुषमा, उद्याबी टाकशी ना?"

तिने पदर कपाळावर दाबला, काचा ओलांडल्या, आणि ती जिना उतरून गेली.