पहिला नवरा केळीचा

चहाआधी पेपरातलं राशिभविष्य वाचायचं, ही भाविकाची रोजची सवय. त्या दिवशीही तिनं ते वाचलं आणि कमलआत्याबरोबर केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला बागेत गेली.

"आज काय लिहेल हाये व?" आत्यानं विचारलं.

"प्रवास टाळा."

"मंग बांधापलीकडं जाऊ नको, माय," म्हणत आत्या हसली.

आत्या क्वचितच हसे. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा नवरा तापानं गेला. पुढं कुणीतरी पत्रिका उघडली आणि सून मंगळाची निघाली. "नवरा खाल्ला," म्हणत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून गावातल्या एकाही हळदीला तिला बोलावणं नाही.

भाविकाही मंगळाचीच. जळगावच्या कॉलेजात भेटलेल्या पारोळ्याच्या नवीनला तिनं हे सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. तो आता शाळेत विज्ञान शिकवतो.

"मंगळावर यानं उतरली," तो चिडवायचा, "पण तुझी पत्रिका काही सापडली नाही."

"हस तू. तुझ्या मुलाखतीला मी उपास धरला, म्हणून नोकरी लागली."

"मग मी अभ्यास उगाच केला म्हण की!"

अशा भांडणांतच प्रेम मुरत गेलं. लग्न ठरलं, तेव्हा नवीनच्या आईनं, सुंदरबाईंनी, एकच अट घातली. आधी पोरीचं लग्न केळीशी लावायचं, मग ती केळ तोडायची. दोष केळीवर गेला की पोरगी मोकळी. भाविकाचे वडील कौतिकभाऊ कबूल झाले. भाविकाला कुणी विचारलंच नाही.

ठरल्या दिवशी बागेतल्या एका केळीला मुंडावळ्या बांधल्या, उपरणं पांघरलं. शेजारी कोयता ठेवला. कमलआत्याला मात्र बांधापलीकडं उभं राहायला सांगितलं होतं.

"माळ घाल," गुरुजी म्हणाले. "केळ तोडली की मंगळसूत्र काढायचं, अंघोळ करायची. मागं वळून बघायचं नाही."

"म्हणजे मी विधवा?"

"घडीभर."

भाविकानं बांधाकडं पाहिलं. "आणि माझ्या आत्याची घडी अजून संपलीच नाही का, गुरुजी?"

गुरुजींनी नुसती माळ पुढं केली.

"बस व बाई," कौतिकभाऊ अजिजीनं म्हणाले. "पटकन होणारं काम हाये."

नवीन पुढं आला. हळूच म्हणाला, "घालून टाक ना माळ. काय फरक पडतो? झाड तर आहे. आईचं समाधान होईल."

"तुला फरक पडत नाही, कारण तुझा विश्वास नाही," भाविका म्हणाली. "माझा आहे, नवीन. मी माळ घातली, तर ते माझ्यासाठी खरं लग्न. मग हा कोयता कुणावर चालणार? आपला जीव वाचवायला दुसऱ्याला मरायला उभं करायचं, हा कुठला धर्म? आणि मी इथं बसले, तर आत्यानं नवरा खाल्ला हे कबूल केल्यासारखं होईल. मी बसणार नाही."

"मन्हा एकुलता पोऱ्या शे!" सुंदरबाई कळवळल्या. "त्याले काही व्हई गये तर?"

"मलाही भीती वाटते, आई. लग्नानंतरही रोज वाटेल. तुम्हाला चालत नसेल, तर लग्न मोडा. पण ही केळ मी तोडू देणार नाही."

नवीनचा चेहरा उतरला. वर्गात मुलांना तो रोज सांगायचा, पटत नसेल तर प्रश्न विचारा. आज आईला त्यानं स्वतः एकही विचारला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "मला भीती नव्हती, तरी मी तुला नाही म्हणालो नाही. तिला भीती वाटते, तरी ती बोलली. मी लग्न करीन ते हिच्याशीच, आणि असंच."

त्यानं केळीच्या मुंडावळ्या सोडल्या आणि तो बांधाकडं गेला. "आत्या, आमच्या लग्नात पहिली हळद तुम्ही लावायची."

"मी? नको रे बाबा!" आत्या दोन पावलं मागं सरली. भाविकानं धावत जाऊन तिचे हात धरले.

सुंदरबाई गाडीत जाऊन बसल्या.

पुढं त्या केळीनं घड धरला. लग्नाच्या पंगतीत शिकरण त्याच घडाचं होतं आणि वाढायला होती कमलआत्या. हातांवर हळद अजून पिवळीधमक. वाढत वाढत ती, पोरासाठी लग्नाला आलेल्या सुंदरबाईंच्या ताटापाशी आली आणि थबकली. सुंदरबाईंनी तिच्या हातांकडं पाहिलं.

त्यांनी ताट पुढं केलं की नाही, ते मला विचारू नका. तुमच्या घरच्या हळदीच्या वेळी बांधापलीकडं कोण उभं असतं, तेवढं आठवून बघा.