दारातले जोडे

चेतनाला स्पेनला जायचं होतं आणि वाटेत फक्त एक माणूस आडवं बसलं होतं: तिची धनुबाई फुई. बाकी सगळं जमून आलं होतं. पासपोर्ट हातात पडला होता. पैशांची अडचण नव्हती, तिचे वडील रतिलाल पाटील यांच्या उसाने आणि पपईने या वर्षी घराला नाराज केलं नव्हतं. शाळेने अकरावीतली बारा मुलं निवडली होती आणि त्यांत कळसाडी गावची चेतना पहिली होती. तीन आठवडे तिथल्या शाळेत बसायचं, तिथल्याच एका घरी राहायचं आणि डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत स्पॅनिशच बोलायचं, असा बेत होता. संमतीपत्र सोमवारी द्यायचं होतं. ते रतिलालभाऊंच्या खिशात घडी घालून तयार होतं. पण थोरल्या बहिणीने हो म्हटल्याशिवाय या माणसाने कधी ट्रॅक्टर घेतला नव्हता, तर पोरगी कुठून परदेशी धाडणार!

फुई म्हणजे वडिलांची ही थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून साऱ्या भावकीवर तिची नजर. कुणाची मुलगी कुठे द्यायची, कुणी शिकायला कुणाच्या घरी राहायचं, यात तिचा शब्द शेवटचा. तिचा नियम एकच होता आणि तो तिने स्पेनलाही लावला.

"घर दखाबिगर पोर धाडानी नही," ती म्हणाली. "मंग ते स्पेन ऱ्हावो, नही ते सारंगखेडा."

घर पाहण्याची तिची पद्धतही ठरलेली. सोफा, शोकेस, भिंतीवरचा टीव्ही यांकडे ती ढुंकूनही बघत नसे. ती थेट स्वयंपाकघरात शिरायची, पाणी कुठे भरता ते विचारायची आणि मग मागच्या दाराशी जाऊन जोडे मोजायची. घरात माणसं किती हे आधी माणसांना विचारायचं आणि मग दारातल्या जोड्यांवरून ताडून बघायचं, असा तिचा खाक्या होता.

दोन वर्षांपूर्वी चेतनाची चुलतबहीण रुपा नाशिकला शिकायला निघाली होती. घरमालकीण म्हणाली, आम्ही दोघंच म्हातारा-म्हातारी राहतो. फुईने मागच्या दारात तरण्या पोरांच्या बुटांचे दोन जोड बघितले, हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि रुपाला घेऊन आल्या पावली परत फिरली. रुपा मग शहाद्याच्याच कॉलेजात गेली. फुईने कारण कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारायची छातीही केली नाही. घरातल्यांनी आपापसात अर्थ काढला, की ज्या घरात तरणा पोरगा, त्या घरात फुई मुलगी ठेवत नाही.

आणि शाळेने चेतनाला दिलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: मारिसोल, वय एकावन्न. तिची आई एंकार्ना, वय ब्याऐंशी. मुलगा इकेर, वय अठरा.

चेतनाने तो कागद भूगोलाच्या पुस्तकात घातला आणि पुस्तक कपाटात सगळ्यात खाली ठेवलं.

एरवी घाबरणं हे त्या पोरीच्या रक्तातच नव्हतं. पहिलीत गेली तेव्हा तिला अहिराणीशिवाय काही येत नव्हतं आणि बाईंची मराठी तिला परक्या मुलखातली वाटली होती. ती शिकली, मग हिंदी शिकली, मग इंग्रजी. चुकत बोलायची आणि हसणाऱ्यांकडे बघतसुद्धा नसे. स्पॅनिश शिकवणारे कुंदन सर विसरवाडीचे. आठ वर्षं जहाजावर स्वयंपाकी होते आणि भाषा बंदराबंदरांवर उचलून आणली होती. "चुकलं तरी थांबायचं नाही," एवढंच त्यांचं व्याकरण. चेतना न थांबण्यात वर्गात सर्वांच्या पुढे होती.

तर घर बघायला स्पेनला जाता येत नाही म्हणून फोनवरून बघायचं ठरलं. रविवारी दुपारी साडेचारला, म्हणजे तिकडे एक वाजता. चेतना सकाळपासून खोलीत बसून वाक्यं घोकत होती. 'आमच्याकडे ऊस होतो', 'आमच्या गावाजवळून तापी वाहते', असं सगळं तिने पाठ केलं होतं. साडेचारला टेबलावर पितळेच्या तांब्याला टेकवून फोन उभा केला. समोर मधोमध फुई बसली, डोक्यावर पदर नीट घेऊन, व्याह्यांकडे जावं तशी. एका बाजूला रतिलालभाऊ पेनाचं टोपण काढत होते आणि परत लावत होते. चेतनाची आई प्रमिलाबाई दारात उभी राहिली. दुभाषी अर्थातच चेतना.

पडद्यावर मारिसोल आली. गोल चेहऱ्याची, केस आखूड, बोलायला मोकळी. तिच्या मागे खुर्चीत काळ्या स्वेटरमधली म्हातारी एंकार्ना बसली होती. नमस्कार-चमत्कार झाले. चेतनाने ऊस सांगितला, तापी सांगितली. मारिसोलने टाळ्या वाजवल्या.

"नदी ऱ्हावू दे," फुई म्हणाली. "घरमा कोन कोन शे, ते इचार."

चेतनाने विचारलं. मारिसोलने तिघांची नावं सांगितली. इकेरचं नाव सांगताना तिने हाताने त्याची उंचीही दाखवली, छताच्या जरा खाली.

"ती शे आनि तिन्ही माय शे," चेतना म्हणाली. "नवरा मरी गया. बस, दोन्हीच बाया."

"मंग हात वर कसाले करा तिनी?"

"घर उंच शे म्हने."

फुईने मान हलवली. आपलं हे उत्तर किती झटकन आलं, याचा चेतनाला क्षणभर अभिमानच वाटला.

मग फुईने घर बघायला घेतलं. स्वयंपाकघर दाखव म्हणाली. मारिसोल फोन घेऊन उठली. शेगडीवर मोठं पातेलं रटरटत होतं. पाणी कुठलं, विचारलं. नळाचं, चोवीस तास. पोरगी झोपणार कुठे, विचारलं. तिची वेगळी खोली होती, खिडकीबाहेर ऑलिव्हची झाडं रांगेने डोंगरापर्यंत गेली होती. फुई ती झाडं जरा जास्त वेळ बघत राहिली. शेती बघितली की तिचा आवाज आपोआप मऊ होत असे.

"मांगलं दार दखाडाले सांग," ती म्हणाली.

काहीतरी दुसरंच विचारावं, असं चेतनाच्या मनात येईपर्यंत फुईने हातानेच मागे, मागे अशी खूण केली आणि ती खूण मारिसोलला कळलीसुद्धा. मागचं दार उघडलं. पायरीवर म्हातारीच्या सपाता होत्या, मारिसोलच्या चपला होत्या आणि त्यांच्याशेजारी चिखलाने माखलेले बूट होते. चांगले हातभर लांब.

फोन तिथे दोन-तीन क्षण थांबला असेल. चेतनाला तेवढ्यात रुपा दिसली, नाशिकहून परतताना एसटीच्या खिडकीशी बसलेली.

"बरं," फुई म्हणाली. "चाल मझार."

फोन पुन्हा घरात वळला. बस, एवढंच. चेतनाने हळूच श्वास सोडला. फुईची नजर आता पूर्वीची राहिली नाही, पासष्टी उलटली, फोनही लहान. सुटलो. रतिलालभाऊंनी पेनाचं टोपण काढलं ते परत लावलं नाही.

तेवढ्यात खुर्चीतली एंकार्ना बोलू लागली. इतका वेळ ती नुसती बघत होती. तिने फोन आपल्या हातात घेतला, इतका जवळ धरला की पडद्यावर एक डोळा आणि अर्धं नाकच दिसायला लागलं.

"तुझ्या आत्याला सांग," ती म्हणाली, "ती शाळेपेक्षा हुशार आहे. शाळेने आम्हाला फक्त इंटरनेट आहे का विचारलं. सांग तिला, जे आहे ते सगळं दाखवलंय. माझ्या घरात लपवलेलं काही नाही."

चेतनाला शब्द न् शब्द समजला. नेमका आजच समजला.

"काय म्हने ती?" फुईने विचारलं.

हे वाक्य फुईला सांगायचं म्हणजे त्या म्हातारीला तिच्या नकळत खोटं पाडायचं. उद्या इकेर कुणाच्या फोटोत दिसला, तर फुई चेतनाला नाही, त्या बाईला लबाड म्हणणार. तिने तर काहीच लपवलं नव्हतं. भर उन्हात दार उघडून बूट दाखवले होते. चेतनाला स्वतःची शरम वाटली. सोमवार डोळ्यांसमोर होता, खिशातून निघालेलं संमतीपत्र टेबलावर होतं आणि न थांबण्यात पहिली असलेली पोरगी थांबली.

"फुई," ती म्हणाली, "मी तुले खोटं सांगं. त्या घरमा एक पोऱ्या बी शे. अठरा वरीसना. त्यास्नी काहीच दपाडं नही. मीच दपाडं."

रतिलालभाऊंनी पेनाला टोपण लावलं. प्रमिलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. फुई मात्र जागची हलली नाही.

"आते त्यास्ले बी सांग," ती म्हणाली. "तू काय करं ते."

यासाठी एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं. चेतनाने हाताला लागतील ते शब्द घेतले. "बाई, मी माझ्या आत्याला... तुमचा मुलगा सांगितला नाही. मला भीती. ती नाही म्हणेल. तुम्ही खरं बोलला. मी खोटं." क्रियापदं कुठल्या कुठे गेली, पण यावेळी ती शेवटपर्यंत थांबली नाही.

मारिसोलचे डोळे मोठे झाले. मग तिने मान वळवून हाक मारली, "इकेर!" आणि एक लांबलचक पोरगा दारात वाकून आत आला. कमरेला एप्रन, हातात डाव. पातेल्याचा मालक हाच होता.

फुईने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काय रांधी ऱ्हायना?"

"हरभरे," इकेरने सांगितलं. "आजी सांगते तसे."

"मीठ बेताना टाक म्हन," फुई म्हणाली आणि तेही चेतनाला सांगावं लागलं.

मग एंकार्नाने तिकडून सवाल टाकला. "तुमची मुलगी नेहमी खोटं बोलते का?"

चेतनाने तो जसाच्या तसा सांगितला.

"आज पयलींदाव सापडनी," फुई म्हणाली. "सांग."

चेतनाने तेही सांगितलं. एंकार्ना इतकी हसली की पडदा थरथरला. म्हणाली, वेगळी खोली राहू दे, मुलगी माझ्या खोलीत झोपेल, माझ्या शेजारच्या पलंगावर, पण मी घोरते. फुईने उत्तर दिलं, घोरू द्या, या घरातही तिला घोरणं ऐकायची सवय आहे.

"फुई, मंग रुपाले नाशिकथीन परत कसाले..." चेतनाने धीर करून विचारलं.

"त्या पोऱ्यास्नं मन्हं काय जाये? त्या बाईनी दपाडं, तेन्हा राग ऊना माले." फुईने पदर सारखा केला. "आनि ते बूट माले दखायनात. म्हतारी व्हयनू, आंधळी नही. वाट दखी ऱ्हायनू व्हतू तुन्ही."

चेतनाने दोन्ही हातांनी कान पकडले.

"आते आपलं दार दखाड त्यास्ले," फुई म्हणाली. "त्यास्नी बी मोजाले पायजे."

चेतनाने फोन उचलला आणि ओट्यावर आली. सकाळपासून ती घराबाहेर पडलीच नव्हती. एंकार्ना मोठ्याने मोजू लागली. वडिलांचा जोड, एक. आईच्या चपला, दोन. आत्याच्या, तीन. तुझ्या, चार. मग म्हातारी थांबली.

"हे पाचवे कुणाचे? तुम्ही तर चौघं आहात. आता तुम्ही कुणाला लपवलंय?"

चेतनाने खाली बघितलं. फुईच्या झिजलेल्या चपलांशेजारी नवेकोरे बूट होते. पांढऱ्या नाड्यांचे, आत अजून कागदाचे बोळे कोंबलेले. तिच्याच मापाचे.

"तठला रस्ता दगडास्ना शेतस म्हने," आतून फुईचा आवाज आला. "चपलावर कितलं चालशी?"

"कव्हय आनात?"

"गुरवारले. शहादाथीन."

चेतनाने बूट उचलून छातीशी धरले. डोळे भरून आले होते, पडद्यावरची म्हातारी ते बघत होती आणि ती बघतेय याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

"आनि मी सांगंच नसतं तं, फुई?"

आत रतिलालभाऊ सही करत होते. फुईने त्यांना सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं आणि मग दाराकडे बघून म्हणाली, "दुकाननी पावती ठेयेल शे."