इंजिनाच्या डोक्यावरचा खण

शेषरावच्या मळ्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं सोनाळा गाव बांधावर आणि विहिरीच्या काठावर येऊन बसलं होतं. मधे विहिरीचं पाणी उपसणारं डिझेल इंजिन होतं, आणि इंजिनापुढे चेटूक उतरवणारे भस्मेमहाराज. इंजिन काळा धूर ओकत होतं. धापा टाकत होतं. पाटात पाणी करंगळीएवढं. कांद्याची पात पिवळी पडत चालली होती. शेवटी इंजिन बंदच पडलं.

महाराजांनी चिमूटभर राख फुंकली. "खेचरी, भूचरी, डिझेलचरी, सोड या पोलादाले. लक्ष्मी रुसली भाऊ, लक्ष्मी."

मग त्यांनी इंजिनाच्या डोक्यावर बांधलेला चोळीचा खण सोडला, त्याची गाठ मारली आणि झोळीत टाकली. "चेटूक यात ओढलं. फिरवा हँडल."

मळ्यातला गडी पुंजाजी, त्यानं हँडल फिरवलं. इंजिन सुरू झालं, धूर विरळ झाला, पाणी मनगटाएवढं धो धो पडलं. माणसांनी हात जोडले.

हा खण तिथं कसा आला, ते सांगतो. महाराष्ट्र राज्य नवं होतं, आणि आमच्या शिवारात इंजिनही नवंच. खामगावहून ते बैलगाडीत आलं तेव्हा शेषरावच्या बायकोनं, सोजराबाईंनी त्याची ओटी भरली. इंजिनाच्या वर एक गोल डबा होता, डोक्यासारखा. आपल्याकडे बाई मोठ्यांपुढे उघड्या डोक्यानं बसत नाही, मग लक्ष्मी कशी बसेल? सोजराबाईंनी त्या डब्याला खण घट्ट गुंडाळला. गावात कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

त्याच सुमारास घरात सून आली होती, संग्रामपूरची रुख्मिणी. इंजिनाचा दम कोंडायला लागला आणि महाराजांच्या खेपा सुरू झाल्या. दर खेपेला तूप, तांदूळ आणि नवा खण.

त्या दिवशी महाराजांनी नवा खण तीन पदरी घडी घालून बांधला. मग म्हणाले, "आता सुनेले बलवा. इंजिनाच्या पाया पडू द्या."

रुख्मिणी आली. वाकली, हात लावला. बघता बघता काळा धूर निघाला आणि इंजिन पुन्हा धापा टाकू लागलं.

"पाह्यलं?" महाराज म्हणाले. "पाऊल वाकडं हाय. हे घरात हाय तोवर मळा पिकत नाही."

तिचा नवरा महादेवराव जमिनीकडे बघत राहिला. शेषरावनं गाडी जुंपायला सांगितली. कोणीतरी तिची पेटी आणून गाडीत ठेवली. रुख्मिणी रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. धुतलेल्या पाटीसारखा चेहरा.

शाळेत एक पोर आलं नव्हतं, त्याला शोधत रंगराव गुरुजी मळ्यात आले होते. ते पुढे झाले.

"महाराज, चेटूक मंत्रानं जाते का खण सोडल्यानं?"

"मंत्रानं. हे काय इचारनं झालं?"

"मंग खण राहू द्या तसाच. निसता मंत्र म्हना."

महाराजांनी आभाळाकडे पाहिलं. "आज तिथी नाही."

"मघा होती की, बे," मागून पुंजाजी म्हणाला. "अन् मी मघापासून पाहून राह्यलो. तू खामगावच्या कापसाच्या जिनात इंजिनाले तेल पाजत होता ना? दाढी तेवढी नवी हाय."

लोक हसले. महाराज झोळी आवरू लागले.

गुरुजी सोजराबाईंकडे वळले. "बाई, चुलीत लाकडं कोंबली अन् चुलीचं तोंड बुजलं, तं काय होते?"

"धूर होते, अजून काय?"

"इंजिन त्या डब्यातून वारा घेते. तेलाले वाऱ्याचं माप लागते. वारा कमी पडला का तेल अर्धं कच्चं जळते, अन् काळा धूर निंगते. तुमी त्याच्या नाकातोंडावर फडकं बांधलं. या मानसाले ते ठावं होतं. सूनबाई, ये. तूच सोड तो खण."

रुख्मिणी आली. तिनं एका हातानं गाठ सोडली आणि दुसरा हात इंजिनावरच ठेवला. धूर निवळला. पाणी पाटात उसळलं. मंत्र कोणी म्हटला नव्हता. महाराज बांधावरून खाली उतरत होते.

गुरुजींनी खण पुन्हा बांधायला लावला, पुन्हा सोडायला लावला. बांधला की काळा, सोडला की साफ.

शेषराव गाडीवानाला म्हणाला, "पेटी उतरव."

"राहू द्या, मामाजी," रुख्मिणी म्हणाली. "बैल जुंपले हायत."

"अवं, पन आता काऊन जातं?" शेषरावनं विचारलं.

ती गाडीत बसली. "इंजिन उघड्या डोक्यानं चांगलं चालते," एवढंच म्हणाली. पदर खांद्यावर घसरला होता. तिनं तो डोक्यावर घेतला नाही. महादेवराव गाडीमागे थोडं चालला, मग थांबला.

कांदा त्या साली चांगला पिकला. महादेवराव संग्रामपूरला बरेचदा जाऊन आला, आणि एकटाच आला.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. तुमच्या घरी इंजिन अडलं, म्हैस आटली, पोर तापलं, तर आधी कारण शोधा. हातानं तपासून पाहा. माणसाला गाडीत बसवण्याआधी खण सोडून पाहा.